गोळ्या नाहीत म्हणजे पुळण मेली असं नाही

दोन किनाऱ्यांचे फोटो टाकून तुम्ही विचारलंत की दापोलीजवळ कर्द्याला ओहोटीत वाळूच्या बारीक गोळ्यांची रांगोळी दिसली, गणपतीपुळ्याला मात्र एकही गोळी नाही, तर तिथलं पाणी घाण झालंय का? नुसत्या गोळ्यांवरून तसं म्हणता येणार नाही. आधी उतार बघा, मग वाळूचा कण.

कर्द्याची पुळण सपाट. लाट लांबच फुटते आणि दमूनभागून पायाशी येते. वाळू बारीक, त्यामुळे ओहोटीतही ओल धरून राहते. गोळ्या करणारा खेकडा जेमतेम नखाएवढा. ओली वाळू तोंडाशी नेतो, कणांना चिकटलेलं सूक्ष्म शेवाळ तेवढं काढून खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. म्हणूनच बिळाभोवती त्या किरणांसारख्या रांगा. उकिडवं बसा आणि अजिबात हलू नका, थोड्या वेळात सगळे बाहेर येतात. सावली हलली की गुडूप!

गणपतीपुळ्याला उतार खडा. लाट काठावरच आपटते, जोरात चढते आणि तशीच ओढत परत जाते. वाळू त्यामानाने जाडसर, पाणी लगेच झिरपतं. वरचा थर कोरडा पडला की या बारक्याचं जेवणच बंद. तिथे टिकतो तो भरतीरेषेच्या वर खोल बीळ करून राहणारा, रात्री हिंडणारा पांढरट खेकडा.

पण जाड वाळूही रिकामी नसते. कणांमधल्या फटींतून पाणी खेळतं, प्राणवायू खोलवर जातो आणि १ मिलिमीटरहून लहान कृमी, कवचधारी जीव तिथे राहतात. उलट बारीक वाळूत कधी कधी वीतभर खणलं तरी काळपट थर लागतो, सडक्या अंड्यांचा वास येतो. ते गटाराचं पाणीच असेल असं नाही. खाली प्राणवायू संपलेला असतो, एवढंच.

आणखी एक, फोटो कोणत्या महिन्यातले? पावसाळी लाटा वाळू समुद्रात ओढून नेतात, किनारा अरुंद आणि खडा होतो; ती पुढे हळूहळू परत येते. सप्टेंबरची पुळण फेब्रुवारीच्या पुळणीशी ताडून बघू नका.

काळजी करायचीच तर कर्द्यासारख्या सपाट, घट्ट वाळूवर गाड्या पळवणाऱ्यांची करा. चाकाखाली बिळं दबतात, आतला खेकडाही. पुढच्या वेळी टायरच्या पट्ट्यात किती गोळ्या आहेत आणि शेजारी किती, एवढं मोजून इथे टाका.