स्नोमोबाइलचं (बर्फावर चालणाऱ्या गाडीचं) टू-स्ट्रोक इंजिन बग्गीत, म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या उघड्या गाडीत, बसवता येईल का? फक्त माउंट (इंजिन धरून ठेवणारे आधार) वेल्ड करून भागेल का?

बसवता येईल. मी बसवलंय, आणि पहिल्याच उन्हाळ्यात एक पिस्टनही वितळवलाय. त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

तुम्ही लिहिलंय की ६०० सीसीचं, दोन सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं इंजिन, बर्फावर पळवणारा रबरी पट्टा तुटलेल्या स्नोमोबाइलमध्ये पडून आहे आणि बग्गीचं मूळ इंजिन कायमचं गेलंय. माउंट बनवणं हा दोन दिवसांचा उद्योग, तो तुम्ही करालच. अडचण अशी की स्नोमोबाइलमध्ये या इंजिनाचं निम्मं काम बर्फ करत असतो.

तुमच्या स्नोमोबाइलमध्ये रेडिएटर शोधून बघा. बहुतेक सापडणारच नाही. सीटखालच्या बोगद्यात अॅल्युमिनियमचे चपटे पोकळ पत्रे असतात, त्यांतून पाणी फिरतं आणि पट्ट्याने उडवलेला बर्फ त्यांवर आदळतो. झालं कूलिंग. बग्गीत हे सगळं रेडिएटरने करायचं आहे, आणि तेही कमी वेगात पूर्ण थ्रॉटल देऊन चढ चढताना, म्हणजे समोरून वारा नसताना. मी छोटा रेडिएटर इंजिनाच्या मागे, जागा होती म्हणून, टांगला होता. सपाटीवर काटा हलायचा नाही, वाळूच्या चढावर सरळ लालमध्ये. मोठा रेडिएटर घ्या, वाऱ्यात ठेवा, थर्मोस्टॅटवर चालणारा फॅन लावा. पाणी भरताना अडकलेली हवा बाहेर पडायला सगळ्यात उंच जागी तोंड ठेवा.

पिस्टन मात्र एकट्या रेडिएटरमुळे गेला नाही. थंडीतली हवा दाट असते, म्हणून या गाड्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये मोठे जेट (पेट्रोल सोडणारी भोकं) असतात. गरम हवेत तेच जेट पेट्रोल जास्त सोडतात, इंजिन धूर काढतं, गुदमरल्यासारखं चालतं. मी शहाणपणा करून मेन जेट एकदम तीन नंबरांनी लहान केले. आवाज काय सुंदर झाला! पंधरा मिनिटं टिकला, मग पेट्रोल कमी पडून पिस्टन वितळला. एकेक नंबर उतरा, पूर्ण थ्रॉटलवरून इंजिन बंद करून स्पार्क प्लगचा रंग बघा, आणि पांढरट दिसला की मागे फिरा.

आता गिअरिंग. इथेच बहुतेकांचे प्रकल्प धूळ खात पडतात. पट्टा फिरवणारं दातेरी चाक छोटं असतं. ८ दात, दोन दातांत २.८६ इंच, म्हणजे एका फेऱ्यात गाडी जेमतेम ५८ सेंटीमीटर पुढे जाते. बग्गीचा २२ इंची टायर एका फेऱ्यात १७५ सेंटीमीटर जातो, तिप्पट. स्नोमोबाइलच्या चेनकेसमध्ये (चेनच्या डब्यात) साधारण १.९ ला १ असं रिडक्शन, म्हणजे वेग कमी करणारं प्रमाण, असेल, तर नुसती बरोबरी करायलाच बग्गीत ५.७ ला १ लागेल. आणि ती बरोबरीही नको आहे, कारण ८,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) इंजिनाच्या दोन पुलींमधला बेल्ट १ ला १ वर आला, म्हणजे दोन्ही पुली सारख्याच वेगाने फिरू लागल्या, की वेग होतो ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास. खडकाळ रस्त्यावर तो कोणाला हवाय? मी ९ ला १ वर आलो. कमाल वेग ९४ च्या घरात, पण चढावर बेल्ट घसरत नाही. हे रिडक्शन एका चेनमध्ये बसत नाही, मधे एक शाफ्ट घालून दोन टप्प्यांत करा.

हे का महत्त्वाचं? इंजिनावरची पुली ३,५०० ते ४,००० आरपीएमच्या आसपास बेल्ट धरते. गिअरिंग लांब, म्हणजे रिडक्शन कमी, असेल तर गाडी हलेपर्यंत बेल्ट नुसता घासत राहतो आणि जळतो. शिवाय बेल्टलाही थंड हवेची सवय असते, आणि आता त्यात वाळूही येणार. दोन्ही पुलींवर जाड धातूचं कव्हर हवंच, हवा खेळती राहील असं. शोभा म्हणून नव्हे. त्या वेगाला फिरणारी पुली फुटली तर तुकडे माणसापर्यंत येतात, आणि बग्गीत माणूस अगदी पुढ्यातच बसलेला असतो.

इंजिन जसं होतं त्याच दिशेला तोंड करून बसवा. बेल्ट आणि चेन फिरण्याची दिशा बदलत नाहीत. जागेसाठी इंजिन उलटं वळवलं की बग्गी मागे पळायला लागते, आणि मग गिअरची जोडी घालून दिशा फिरवावी लागते. रिव्हर्स गिअर या इंजिनात नसतो. काही स्नोमोबाइल बटण दाबलं की इंजिन जवळजवळ बंद पाडून उलट्या दिशेने चालू करतात. टू-स्ट्रोकला ते जमतं. तुमच्याकडे तसं बटण असेल तर वायरिंग एकही तार न तोडता जशीच्या तशी उचला. इंजेक्शनवालं असेल तर सेन्सर, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि किल्लीसुद्धा.

ऑइल पंपाची केबल थ्रॉटलबरोबर हलते का, ते नीट पाहा. पेट्रोल पंप क्रँककेसच्या दाबावर चालणारा असेल तर त्याची नळी आखूड ठेवा. एक्झॉस्टचा फुगीर पाइप जागा नाही म्हणून कापू नका. त्याची लांबी त्या इंजिनाशी जुळवलेली असते, कापलात तर ताकद जाते. गाडी बरीच वर्षं पडून असेल तर क्रँकची सील आधी तपासा. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून ६ पीएसआय हवा भरा, काही मिनिटं दाब टिकला पाहिजे. सील गळत असतील तर बाहेरची हवा आत जाते आणि माझ्या पिस्टनची गोष्ट तुमच्याकडे घडते.

क्वाडमध्ये (मोटरसायकलसारखं बसायच्या चार चाकी गाडीत) घालायचा विचार असेल तर सोडून द्या. इंजिन आणि बाजूला निघालेल्या पुली मिळून रुंदी इतकी होते की पाय ठेवायला जागाच उरत नाही.

आणि इंजिन अजून स्नोमोबाइलमध्येच आहे ना? मग लगेच काढू नका. दोन्ही पुलींच्या मध्यांतलं अंतर आणि एक पुली दुसरीच्या किती बाहेर आहे, ही दोन मापं मिलिमीटरपर्यंत घेऊन फ्रेमवरच मार्करने लिहून ठेवा. बग्गीत तीच हुबेहूब ठेवायची आहेत. मी कागदावर लिहिली होती, कागद पेट्रोलमध्ये भिजला, आणि पुढचे चार बेल्ट मी अंदाजाने खाल्ले.