टर्बो गाडीला मोठा टर्बो टाकताना आधी इंजेक्टर बदलू की फ्युएल पंप? आणि त्यासाठी निपाणीहून पुण्याला जावं लागेल का?

आधी पंप बघा, आणि पंपाच्याही आधी त्याच्या वायरी. इंजेक्टर नंतर. पुण्याला जायची काही गरज नाही. बेळगाव सोडून तुम्ही पुण्याचं विचारताय, म्हणूनच खरं तर लिहायला बसलो.

माझी जुनी १.८ टर्बो पेट्रोल, पोर्ट इंजेक्शनची, म्हणजे इंधन सिलिंडरच्या बाहेर हवेच्या वाटेत फवारणारी. बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) वाढवून ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरात, नवा मॅप टाकल्यावर खालच्या आरपीएमला झकास चालायची. पण गोव्यातल्या साखळीकडून चोर्ला घाट चढताना तिसऱ्या गिअरात पाच हजारांच्या वर गेली की वाइडबँडवर (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारं मीटर) मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी दिसायचं. लॅम्डा म्हणजे ते प्रमाण, आकडा जितका मोठा तितकं इंधन कमी. तो ०.८० च्या आसपास हवा, तिथं ०.९० च्या वर. भरल्या बूस्टला इतकं लीन म्हणजे नॉकिंग (सिलिंडरात मिश्रणाचा अवेळी भडका), आणि ते चालू ठेवलं तर पिस्टन गेलाच.

मोठ्या शहरातल्या एका ट्यूनरनं फोनवरच निदान केलं: इंजेक्टर लहान पडताहेत, मोठा सेट घ्या. पुण्याचा माझा आतेभाऊ त्याचीच री ओढायला लागला. "बेळगावात कोण करणार रे हे?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. गाडी चालताना नोंदवलेल्या लॉगमध्ये इंजेक्टरचं ड्युटी सायकल, म्हणजे तो किती टक्के वेळ उघडा राहतो ते, सत्तर टक्क्यांच्या आत होतं. ८५ पर्यंत वाव असताना ते लहान कसे? मी पैसे भरले नाहीत.

गाडी बेळगावच्या उद्यमबागेत नेली. तिथले एक इलेक्ट्रिशियन मामा म्हणाले, "इंजेक्टर राहू दे गा, पंपाला करंट किती पोचतोय ते बघूया आधी." मागची सीट उचलून त्यांनी पंपाच्या सॉकेटला वायरी लावल्या, मीटर पुढं आणला आणि मला गाडी जोरात पळवायला लावली. बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंपावर ११ सुद्धा नाही. सॉकेटची एक पिन तपकिरी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. इंधनाचा रेग्युलेटर बूस्टबरोबर प्रेशर चढवतो, म्हणजे ३ बारवर १.२ बूस्ट धरला तर पंपाला ४.२ बारला ढकलायचं असतं. नेमका तिथंच पंप मंदावत होता. मामांनी बॅटरीपासून जाड वायर ओढली, बॅटरीलगत फ्यूज, मागं रिले (विजेवर चालणारा स्विच), आणि अर्थसाठी बॉडीचा रंग खरवडून स्वच्छ पत्रा. रिले चालू करायला पंपाची मूळ लाइनच ठेवली, म्हणजे इंजिन बंद पडलं की ईसीयू पंपही बंद करतो. त्यानंतर त्याच इंजेक्टरांवर, त्याच घाटात लॅम्डा जागेवर आला.

आता तुमचं. मोठ्या टर्बोला पुढं इंजेक्टरही लागतीलच. टर्बो पेट्रोलला प्रत्येक अश्वशक्तीमागं मिनिटाला साधारण सहा ते साडेसहा सीसी इंधन धरा. २५० अश्वशक्ती, चार सिलिंडर, ८५ टक्के ड्युटी, म्हणजे एकेक इंजेक्टर मिनिटाला ४५० सीसीच्या आसपास. त्यात ई२० ला (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) तेवढ्याच हवेत सात-आठ टक्के इंधन जास्त लागतं, तेही धरा. नुसतं रेग्युलेटर ३ चं ४ बार केलं तर इंजेक्टरचा प्रवाह १५ टक्केच वाढतो आणि पंपाचा मात्र कमी होतो. ही कंजुषी करू नका. पंप घेताना खोक्यावरचा आकडा सोडा, तुमच्या प्रेशरला तो तासाला किती लिटर देतो ते बघा. टाकीच्या आत साधा होज चालत नाही, बाहेरूनही पेट्रोल लागून तो फुगतो. आतला जे३० आर१० (पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या होजचा दर्जा) छापलेलाच घ्या. फिटिंग इथं बेळगावात लेथवर हवं तसं करून मिळतं. हायड्रॉलिकचं काम करणारं गाव आहे हे.

हे सगळं पोर्ट इंजेक्शनचं. टीएसआयसारखी डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे थेट सिलिंडरात फवारणारी असेल तर कॅमशाफ्टवर चालणारा हाय प्रेशर पंप वेगळा असतो आणि बहुतेक वेळा मर्यादा तिथंच येते. त्या प्रेशरला लेथवरचं फिटिंग अजिबात नको. आणि घाटात रहदारी असते, लॉग डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) घ्या. गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, विमा कंपनीलाही आधी कळवा.

आतेभाऊ आता म्हणतो, तुझं काम नशिबानं झालं. त्यानं मोठे इंजेक्टर बसवलेत, तरी त्याची गाडी वर लीनच जाते. पंपावरचे व्होल्ट त्यानं अजून मोजलेले नाहीत. ते मोजून सांगावेत, मग बेळगावात काय होतं आणि काय होत नाही यावर बोलू.