तिसऱ्यांदा खडी मागवू नका, आधी पाणी कुठे अडलंय ते बघा

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य माझ्या चांगलंच ओळखीचं आहे: ‘दोनदा खडी टाकली, दोन्ही वेळा पहिल्या पावसातच चाकोरीतून चिखल वर आला.’ गेटापासून घरापर्यंत १२० मीटर, रुंदी ३ मीटर, जमीन जवळपास सपाट, माती काळी आणि चिकट. आता तिसरा थर किती जाड टाकू, असं तुम्ही विचारताय. याच प्रश्नाचं उत्तर मीही खडीत शोधलं होतं आणि ते फार महागात पडलं, म्हणून सविस्तर लिहितो. आत्ता एक घमेलंसुद्धा टाकू नका. खडी कमी पडलेली नाही, पाणी अडलंय.

आखणी, गवत काढणं, मुळं उपटणं यात शिरत नाही, ते तुम्ही केलंच आहे. अडचण पुढच्या वाक्यात आहे. जेसीबीनं फूटभर खोदलं, त्यात डबर भरलं, वर २० एमएम खडी पसरली आणि निघालेली माती दोन्ही कडांना लावून साइडपट्टी केली, असं तुम्ही लिहिलंय. बघताना काम नीटनेटकं दिसतं. पण प्रत्यक्षात तुम्ही जमिनीत ३ मीटर रुंद, १२० मीटर लांब आणि फूटभर खोल हौद बांधलाय. तळ काळ्या मातीचा, भिंती काळ्या मातीच्या, वर साइडपट्टीचा काठ. एकसारख्या मापाच्या दगडांत ३५ ते ४० टक्के पोकळी असते. हिशोब करा: १०८ घनमीटर दगड, म्हणजे जवळपास ३८ हजार लिटर पाणी मावेल एवढी जागा, आणि त्या पाण्याला बाहेर जायला एकही वाट नाही.

पुढचं सगळं आपोआप होतं. तळाची माती दिवसेंदिवस भिजत राहते आणि लोण्यासारखी होते. वरून चाक गेलं की ती दाबली जाऊन दगडांच्या फटींतून वर येते, चाक पुढे सरकलं की दगड तिच्या जागी खाली बसतो. शंभर फेऱ्यांत दगड खाली आणि माती वर. लोक म्हणतात खडी वाहून गेली. सपाट जागेवर खडी वाहून जात नाही, ती खाली जाते. तिसरा थर टाकलात तर तोही त्याच वाटेनं जाईल. साइडपट्टीचा काठ मात्र आणखी वर येईल, कारण चाकं खडी कडेला ढकलत राहतात.

मॅकॅडम रस्ता हे नाव ज्यांच्यावरून पडलं, त्या स्कॉटलंडच्या जॉन लाउडन मॅकॅडम यांनी दोनशे वर्षांपूर्वी हेच मांडलं होतं. गाडीचं ओझं शेवटी मूळ जमीनच पेलते, आणि कोरडी असेपर्यंतच पेलते. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच हवा आणि वरचा फोडीव दगडाचा थर पाणी झटकणारा हवा. आजही या कामात याहून मोठं काही नाही.

माझं म्हणणं डोळ्यांनी पडताळून घ्या. चाकोरीत, जिथे सगळ्यात जास्त धसतंय तिथे, पहारीनं दीड फूट खोल आणि दोन फूट लांब चाचणीखड्डा घ्या. एक भिंत सरळ तासा आणि वरून खाली बघा. आधी मोकळी खडी, मग दगडांवर राखाडी-काळा लेप, मग दगड आणि चिखल एकजीव, आणि शेवटी नुसती माती. मधल्या थरातला एक दगड उपसून हातात घ्या. तो सगळीकडून लिंपल्यासारखा निघाला, तर तिथली पोकळी मातीनं भरली आहे. दगडात वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी माती शिरली की त्या थराची ताकद खालच्या मातीएवढीच उरते. मग खड्डा रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तळात पाणी साचलेलं असेल तर हौदाबद्दल शंका उरणार नाही.

आता उपाय. माझं मत ठाम आहे: जुनं उपसून काढू नका. उपसलंत की हौद आणखी खोल होतो. त्याला फोडायचं आणि त्याच्या वर चढायचं.

आधी दोन्ही साइडपट्ट्या उतरवा. कडेची माती रस्त्याच्या पृष्ठभागापेक्षा नेहमी खाली हवी. मग दोन्ही बाजूंना चर काढा, तळ रस्त्याच्या कडेपेक्षा किमान दीड फूट खाली. बाजू उभ्या ठेवू नका, ढासळतात. एक फूट खोलीला दीड-दोन फूट पसरट उतार द्या. त्यानंतर हौदाच्या तळापासून चरापर्यंत दर १५ ते २० मीटरवर आडवे निचरे काढा: फूटभर रुंद, हौदाच्या तळापेक्षा थोडे खोल, चराकडे उतरते. त्यात जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, अंथरून ४० एमएमची स्वच्छ, कच (बारीक चुरा) नसलेली खडी भरा आणि कापड वरून दुमडून घ्या. चाकोरीच्या सगळ्यात वाईट जागांसमोर एकेक निचरा जास्तीचा द्या.

सपाट जमिनीत उतार कुठून आणायचा, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. पाणी भरलेला पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, त्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, दर १० मीटरला खुंटी ठोकून पातळी लिहून काढा. चराला १०० मीटरला १ मीटर उतार चांगला. १२० मीटर एकाच दिशेनं नेलं तर टोकाला चर १.२ मीटर जास्त खोल होईल. म्हणून मध्यावर उंच बिंदू धरून दोन्हीकडे ६० मीटर न्या, म्हणजे ६० सेंटीमीटरमध्ये भागतं. तेवढाही उतार मिळत नसेल तर २०० ला १ चालतो, मात्र वर्षातून दोनदा गाळ काढावाच लागतो. चराचं पाणी शेजाऱ्याच्या बांधावर सोडू नका. भांडण होतं हा एक भाग, आणि शेजारी तो चर बुजवतो हा दुसरा.

हे झालं की एक मोठा पाऊस जाऊ द्या, निचऱ्यातून पाणी येतंय का बघा. खडीचा फोन त्यानंतर करायचा.

रस्ता उचलताना कॅम्बर, म्हणजे मध्यापासून कडांकडे उतार, खालपासून हवा. वरून खडीची पाठ काढायची आणि खालची जमीन सपाट ठेवायची, ही चूक सर्रास होते. जुन्या पृष्ठभागालाच मध्यापासून कडेकडे ४ टक्के उतार द्या. ३ मीटर रुंदीला हे मोजणं सोपं आहे: दीड मीटरची सरळ फळी मध्यापासून कडेपर्यंत धरा, वर स्पिरिट लेव्हल ठेवा, बुडबुडा मधोमध आला की कडेला फळीखाली ६ सेंटीमीटर फट दिसली पाहिजे. ३-४ सेंटीमीटर दिसली तर पहिल्या वर्षातच रस्ता सपाट होईल.

त्यावर जिओटेक्स्टाइल. काळ्या ओल्या मातीवर मी न विणलेलं, नमद्यासारखं, साधारण २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं) कापड घ्यायला सांगेन, कारण ते पाणी सोडतं आणि माती अडवतं. विणलेलं जास्त ताण घेतं आणि काही जाणकार तेच सुचवतात, त्यावर वाद घालणार नाही. प्लास्टिकचा कागद किंवा ताडपत्री मात्र कधीच नको. जोडावर एक तुकडा दुसऱ्यावर ६० सेंटीमीटर चढवा. डंपर ज्या दिशेनं खडी ओतत पुढे जाणार, त्या दिशेनं पहिल्या तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या वर ठेवा, नाहीतर खडी पसरताना जोड उचकटतो. उघड्या कापडावर चाक जाऊ देऊ नका. डंपरनं आधी टाकलेल्या खडीवरूनच मागे यायचं, आणि चाकाखाली निदान १५ सेंटीमीटर जाडी हवी.

पायासाठी ६३ एमएमपासून खालची मिश्र फोडीव खडी, दाबून १५ सेंटीमीटर. नदीचे गोटे कितीही स्वस्त मिळाले तरी नकोत. गोल दगड एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखाली सरकत राहतात. वरच्या थरासाठी २० एमएमपासून भुकटीपर्यंत सगळ्या मापांचं मिश्रण, दाबून ८ सेंटीमीटर.

दोन थरांची गरज उलट असते, आणि इथेच बहुतेक रस्ते फसतात. पायात पाणी वाहायला हवं, म्हणून अगदी बारीक भाग ५ टक्क्यांच्या आत. वरचा थर घट्ट बसून पाणी कडेला ढकलायला हवा, म्हणून त्यात ८ ते १५ टक्के बारीक भाग लागतो, थोडा चिकटपणा असलेला. धुतलेली चकचकीत २० एमएम खडी वर टाकली तर ती कधीच बसत नाही. कचात नुसती दगडाची पूड असेल तर उन्हाळ्यात धूळ उडते. थोडा चिकट मुरूम मिसळला की पकड येते. माती जास्त झाली तर पुन्हा चिखल. परीक्षा सोपी आहे. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश चाळलेला बारीक माल, वर पाणी, जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात बसते, तिच्यावर गाळाचा थर येतो, आणि चिकणमातीचं गढूळ पाणी कित्येक तास निवळत नाही. पाणी लगेच नितळ झालं तर त्या मालात धरून ठेवणारं काही नाही. डंपर रिकामा होण्याआधी हे करा, नंतर वाद घालून उपयोग नसतो.

प्रमाण: पाया सरासरी ३.४ मीटर रुंद धरला तर दाबून ६१ घनमीटर. सुटा माल सव्वापट लागतो, म्हणजे सुमारे ७६ घनमीटर, २७ ब्रास. वरचा थर दाबून २९, सुटा ३६ घनमीटर, १३ ब्रास. वजनावर घेत असाल तर पावसात भिजलेल्या मालात पाण्याचेही पैसे जातात, हे लक्षात ठेवा.

दाबणी ओलीवर करायची. बारीक माल मुठीत दाबा: गोळा झाला पाहिजे आणि बोटानं टोचल्यावर दोन तुकड्यांत फुटला पाहिजे. विस्कटला तर पाणी मारा, हाताला चिकटला तर सुकू द्या. ८-१० टनांचा व्हायब्रेटर रोलर १५ सेंटीमीटरचा थर एकदम दाबतो. हातानं चालवायचं प्लेट कॉम्पॅक्टर असेल तर ७-८ सेंटीमीटरच्या वर जाऊ नका, खालचा अर्धा थर सुटाच राहतो. सुरुवात कडेपासून, शेवट मध्यावर. उलट केलंत तर रोलरच कॅम्बर सपाट करून टाकतो.

आता गेटाजवळच्या मोरीबद्दल, म्हणजे रस्त्याखालून गटाराचं पाणी नेणाऱ्या पाइपबद्दल. तुमचा रस्ता सार्वजनिक रस्त्याच्या गटारावरून जातो, म्हणजे परवानगी लागणार. ती देणाऱ्या कार्यालयातल्या तोंडी उत्तरावर काम सुरू करू नका, ही कळकळीची विनंती आहे. मला ‘पाइप टाका, चालेल’ एवढंच सांगितलं गेलं. व्यास किती, तळ कुठल्या पातळीला, हे कुणी लिहून दिलं नाही, आणि काम झाल्यावर पाइप लहान आहे म्हणून तोच उखडायला लावला. त्यातही खरी चूक माझी होती: गटाराचा तळ न मोजता घातलेला पाइप वर राहिला आणि त्यानं माझ्याच चरांचं पाणी अडवलं. आतलं सगळं बरोबर असलं तरी तोंड बंद असेल तर हौद पुन्हा भरतो. म्हणून अर्जासोबत तुमच्या हातचा साधा नकाशा द्या: रुंदी, पाइपचा व्यास, गटाराच्या दोन्ही बाजूंच्या तळाची एखाद्या पक्क्या खुणेपासूनची पातळी. त्यावर सही आणि पोच घ्या. मिळेपर्यंत खोदू नका.

पाइप ३०० एमएमपेक्षा लहान नको, पालापाचोळ्यानं तुंबतो. जागा असेल तर ४५०. उतार १ ते २ टक्के, वर किमान ३० सेंटीमीटर दाबलेलं भरण. पाइपच्या कुशीत दोन्ही बाजूंनी एकदम, १५-१५ सेंटीमीटरच्या थरांत ठोकून भरा. तिथे पोकळी राहिली की पाइप तडकतो. दोन्ही टोकं रस्त्याच्या बाहेर फूटभर काढा, तोंडाशी दगडी बांध आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली मोठे दगड. पाणी वर्षभर वाहत असेल तर तो ओढा आहे, तिथे माझं ऐकू नका, इंजिनिअरकडून माप काढून घ्या. मी स्वतः इंजिनिअर नाही, आणि हे सगळं मोटार, ट्रॅक्टर आणि अधूनमधून येणाऱ्या डंपरसाठी आहे.

एक आठवलं म्हणून: रस्ता उचलण्याआधी त्याच्या खालून दोन रिकामे ११० एमएम पीव्हीसी पाइप आडवे टाकून ठेवा, दोन फूट खोल, टोकं बंद करून, जागा खुंटीनं दाखवून. पाणी किंवा वीज पुढे न्यायची वेळ कधीतरी येतेच.

वापर सुरू झाल्यावर पहिला महिनाभर एकाच चाकोरीतून गाडी नेऊ नका. गेटाजवळ, जिथे ब्रेक लागतात, तिथे आडव्या लाटा उठतील. त्यांवर खडी टाकून काही होत नाही, लाटेच्या तळापर्यंत पृष्ठभाग खरवडायचा, ओला करायचा आणि पुन्हा दाबायचा. खड्ड्याचंही तसंच: तळापर्यंत उकरून कडा उभ्या करायच्या आणि वरच्या थराचाच ओला माल ठोकून भरायचा.

चाचणीखड्डा घेतलात की दोन आकडे कळवा: चिखल न शिरलेला दगड किती सेंटीमीटर उरलाय, आणि सकाळी पाणी किती वर चढलं होतं. स्वच्छ दगड १५ सेंटीमीटर किंवा जास्त निघाला तर निचरे, कॅम्बर आणि वरचा थर एवढ्यावर भागेल, कापड आणि नवा पाया दोन्ही वाचतील.