आजीच्या वस्तूंवरून चित्रं केली तर ती जुनाट वाटतील का? सुरुवात कुठून करावी?

जुनाट म्हणणारे म्हणतातच. मला भर वर्गात म्हणाले होते.

आर्ट स्कूलच्या शेवटच्या वर्षी मी आईच्या आईची गोधडी समोर ठेवून काम करत होते. आमच्या साताऱ्याकडच्या माण भागात गोधडी कडेनं शिवायला घेतात. धावदोरा चौकोनात फिरत मध्याकडे येतो. आजीनं वर इरकली लुगडं घातलं होतं आणि त्याचा टोपी-तेणीचा, म्हणजे लाल-पांढऱ्या नक्षीचा पदर काठाला न नेता बरोबर मधोमध बसवला होता. लुगड्याच्या अंगाचं सूत विरल्यावर आतले थर दिसायला लागले: आजोबांचं धोतर, आईचा परकर, खणाच्या चोळीची पाठ. मी कॅनव्हासवर तेच करत होते, वरचा रंग खरवडून खालचा उघडा करायचा. सर आले, बघितलं आणि म्हणाले, "हे बायकांचं शिवणकाम. यात रचना कुठे आहे?"

रचना कुठे आहे! जिनं कधी फूटपट्टी हातात धरली नाही, तिचे टाके चारही बाजूंनी येऊन मध्यावर मिळत होते. काळ्या चंद्रकळेशेजारी हळदी तुकडा का हवा, हे तिला नेमकं कळत होतं. त्याच वर्गात पॉल क्ले या युरोपियन चित्रकाराचे रंगीत चौकोन आम्हाला रचनेचा धडा म्हणून दाखवले जायचे. ते चालतात, आजीचे चालत नाहीत. का? ती सही करत नव्हती म्हणून?

तर, सुरुवात. वस्तूचा फोटो काढून त्यावरून चित्र करू नका. ती कशी बनते ते हातानं करून बघा, वीतभर का होईना शिवा. कुठलं कापड कुणाचं, हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारून लिहून ठेवा. आणि वारशाच्या नावाखाली वारली माणसं काढत बसू नका. पालघट देवीचा भिंतीवरचा चौक वारली लग्नघरात सवाष्णी लिहितात. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं कागदावर नेली, कारण ती त्यांच्या घरची होती. तुमच्या घरचं शोधा. कुणी रचना विचारली तर वस्तूच नेऊन टेबलावर पसरा. मी तीच चित्रं शेवटच्या प्रदर्शनात लावली, गुण गेले तरी.

एक मात्र आहे. सगळ्यांच्या घरचं जुनं ऊबदार नसतं. कुणाकडे ती उपासमारीची किंवा अपमानाची खूण असते. तिला गोंडस करू नका. आजीनंही गोधडी हौसेनं शिवली नव्हती, विकतच्या पांघरुणाला पैसे नव्हते. चित्राखालच्या पाटीवर मी हे लिहितेच.