विकरला काना लावू नका

प्रश्न आलाय: ‘गर्भाशयातील फायब्रॉइडमध्ये काही विकरांची क्रियाशीलता निरोगी ऊतीपेक्षा जास्त असते’ या वाक्यात (फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतली गाठ) ‘विकार’ हवं होतं का?

नाही! हा काना मी सतत ऐकतो. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी असंच वाक्य ‘गाठीत विकार वाढलेत’ असं वाचलं आणि दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. विकर म्हणजे एन्झाइम, शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. इथे बहुधा अरोमाटेज नावाचं विकर अभिप्रेत असावं. ते अँड्रोजेनचं (पुरुषी संप्रेरकाचं) इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) करतं, आणि फायब्रॉइडमध्ये ते शेजारच्या निरोगी स्नायूपेक्षा जास्त सापडतं. म्हणजे गाठ आपल्या वाढीचं इस्ट्रोजेन काही प्रमाणात स्वतःच बनवते. फायब्रॉइड ही कर्करोगाची गाठ नव्हे, हेही सांगून ठेवतो.

चूक वाचणाऱ्याची नाही, शब्दाची आहे. विकर आणि विकार दोन्ही ‘वि + कृ’मधले. ‘बदल घडवतो तो विकर’ ही व्युत्पत्ती व्याकरणात बसते, पण रिपोर्ट हातात धरून बसलेल्या बाईला तिचा काय उपयोग? आपल्याकडे एन्झाइमसाठी ‘वितंचक’ हा देखणा शब्द होता. शाळेच्या पुस्तकांतून विकर रुजला आणि तो मागे पडला.

वितंचकातला धातू तञ्च्, म्हणजे साकळणं, थिजणं. त्याच धातूचं तक्र, आणि तक्राचं आपलं ताक! ‘आतञ्चन’ म्हणजे विरजण. तैत्तिरीय संहितेत यज्ञाच्या दुधाला विरजण कशाचं लावावं याची चर्चाच आहे: पूतीक नावाची वनस्पती, पळसाची साल, बोरं, तांदूळ असे पर्याय घेत शेवटी कौल दह्याला, कारण दह्याने लावलेलं ते इंद्राचं. तिकडे जर्मनीत शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी १८७० च्या दशकात ‘एन्झाइम’ घडवला तो ग्रीक ‘झ्यूमे’वरून, म्हणजे आंबवणावरून. त्यांनी पिठाचं आंबवण घेतलं, आपण दुधाचं विरजण. याहून नेमका प्रतिशब्द कुठे मिळणार?

‘दही जिवाणूंच्या आम्लाने लागतं, एन्झाइमने नव्हे’ असा आक्षेप विकरवाले घेतात. अहो, दुधातल्या साखरेचं आम्ल ते जिवाणू करतात कशाने? स्वतःच्या वितंचकांनीच ना!