वेलवर्गीय पिकांवरचा व्हायरस: तुमचे प्रश्न

भोकरदन, जि. जालना: दोडक्याच्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे आलेत. दुकानदारानं केवडा (बुरशीचा रोग) सांगितला, दोन फवारे मारले, फरक नाही. व्हायरस असेल तर कोणता?

पहाटे दव असताना पान उलटून बघा. केवड्याचे डाग शिरांनी अडवलेले, कोनदार असतात आणि खालच्या बाजूला करडी-जांभळट बुरशी दिसते. व्हायरसमध्ये ती नसते. मग तेच पान उन्हाकडे धरा. शिरांलगत गर्द हिरवे पट्टे, मधला भाग फिकट आणि बोटाला लागतील असे फुगीर हिरवे फोड दिसले, तर तो मोझॅक.

कोणता, हे मात्र पान बघून ठरत नाही. मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीमार्फत येणारे मोझॅकचे मुख्य चार व्हायरस: झुकिनी यलो मोझॅक, पपया रिंगस्पॉटचा वेलींवरचा प्रकार, वॉटरमेलन मोझॅक आणि कुकुंबर मोझॅक. झुकिनीवाल्यात पानं चिंध्यांसारखी अरुंद होतात, फळं गाठाळ निघतात. पण पपया रिंगस्पॉटही तेच करतो, आणि एकाच वेलीत दोन-दोन सापडतात. वाण बदलला, ऊन बदललं की लक्षणंही बदलतात. म्हणून मोबाइलवरचा फोटो बघून मी नाव सांगत नाही, आणि जो सांगतो त्याच्या भरवशावर पैसा घालू नका.

नाव हवंच असेल तर प्रयोगशाळेत एलायझा किंवा आरटी-पीसीआर ही व्हायरस ओळखणारी तपासणी लागते. नुकतीच लक्षणं दिसलेल्या चार-पाच वेलींची कोवळी पानं घ्या, प्रत्येक वेलीचं वेगळं ठेवा, सोबत एका निरोगी वेलीचंही घ्या. पाणी न मारता कोरड्या कागदात गुंडाळून थंड डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पाठवा. वाळलेलं पान धाडू नका. नमुना कुठे द्यायचा हे जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारा.

गेवराई, जि. बीड: टरबुजावर मावा दिसतच नाही, तीन औषधं झाली, तरी मोझॅक पसरतोय. असं कसं?

ताई, मावा तुमच्या रानात वस्तीला आलेला नाही, वाटसरूसारखा येऊन गेलाय. पंखी मावा पानावर उतरतो, सोंड टोचून चव घेतो आणि पसंत नसेल तर उडतो. वर सांगितलेल्या चारही मोझॅकना पसरायला तेवढे काही सेकंद पुरतात. औषधानं तो मरेपर्यंत काम झालेलं असतं, काही औषधांनी उलट तो बिथरून जास्त वेली टोचतो.

आपल्याकडे पऱ्हाटी सुकायला लागली की कपाशीवरचा मावा उठतो, आणि त्याच सुमारास टरबुजाची लागवड असते. व्हायरस तो कपाशीतून क्वचितच आणतो. आणतो तो काढून न टाकलेल्या जुन्या काकडी-दोडक्याच्या वेलींतून, बांधावरच्या केन्यासारख्या तणातून. आधी ते साफ करा. चंदेरी मल्चिंगच्या (वाफ्यावर अंथरायच्या प्लास्टिकच्या) चमकेनं मावा कमी उतरतो. लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी कडेनं मका किंवा ज्वारी दाट पेरली, तर तो आधी तिथंच टोचतो आणि सोंडेवरचा व्हायरस तिथंच राहतो. क्रॉप कव्हर (वेलींवरचं पातळ कापड) टाकलं असेल तर मादी फुलं दिसताच काढा, नाहीतर मधमाशी आत येणार नाही.

उमरगा, जि. धाराशिव: काकडीची खालची पानं पिवळी, जाड आणि कडक होताहेत. मॅग्नेशियम कमी आहे का?

असू शकतं, पण रानात फिरून बघा. कमतरता अख्ख्या पट्ट्यात सारखी येते. मधूनच एखादी वेल पिवळी आणि शेजारची हिरवीगार असेल, तर कुकुर्बिट एफिड-बोर्न यलोज हा व्हायरस धरा. यात शेंडा हिरवा राहतो, फळाचा आकार बिघडत नाही, पण फुलं गळून फळं कमी लागतात. हा उचलायला माव्याला वेळ लागतो, आणि एकदा उचलला की तो जन्मभर पसरवतो. म्हणून इथं माव्यावरची फवारणी थोडीफार उपयोगी पडते.

अर्धापूर, जि. नांदेड: शेजारी रिंगस्पॉट झालेली पपई आहे. कारल्याला धोका?

आहे. पपईवरचा प्रकार वेलींनाही लागू शकतो. वेलींवरचा प्रकार मात्र पपईला लागत नाही.

सेलू, जि. परभणी: टरबुजाचे शेंडे उभे राहून तपकिरी पडून वाळताहेत. मावाच ना?

नाही दादा. ही लक्षणं बड नेक्रोसिस या व्हायरसची, तो फुलकिडे पसरवतात. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबट, पिवळसर किडे पळताना दिसले तर तुमचा चोर तोच. माव्याची औषधं थांबवा.