छाट, पासबुक आणि लाल बावटा

तू विचारलंस, ताई, सोलापुरात राहून तुम्ही मार्क्सवादी-लेनिनवादी कशा झालात, आणि सोव्हिएत संघ कोसळला, बंगाल हातचा गेला, तरी त्याच विचाराला का धरून आहात? अभ्यासवर्गाला जायला लागल्यापासून घरचे घाबरलेत, असंही लिहिलंस. दोन ओळींत भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी सुरुवात पुस्तकापासून झाली नाही. आई विडी वळायची. आपल्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांत, नवरा यंत्रमागावर आणि बायको विड्यांवर हे ठरलेलं. कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा मिळतो. बाई घरी पानं भिजवते, कापते, विड्या वळून बांधते आणि दुसऱ्या दिवशी नेऊन देते. मजुरी हजार विड्यांवर. तिथे तपासणारा काही विड्या खराब म्हणून बाजूला काढतो, ती छाट. छाटीची मजुरी नाही, आणि ती विडी परतही मिळत नाही. पानं कमी भरली तर बाईने बाजारातून विकत आणून हजार पुरे करायचे. घरात शाळेत जाणारी मी, म्हणून आईचं विड्यांच्या हिशेबाचं पासबुक मीच वाचून दाखवायची. हिशेब समजायच्या वयात आले तेव्हा दिसलं की आई जेवढं वळते आणि जेवढ्याचे पैसे घेते ते आकडे कधी जुळतच नाहीत. आईला ते ठाऊक होतं. तिला वाटायचं, आपलाच हात नीट बसत नाही.

लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या कामगार युनियनच्या, कार्यालयातल्या एका अक्कांनी आम्हाला सांगितलं की 1966 चा विडी आणि सिगार कामगार कायदा घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानतो, आणि छाटीवरून वाद झाला तर त्याचा निवाडा मालकाने नाही, नेमलेल्या अधिकाऱ्याने करायचा असतो. मग गल्लीतल्या सगळ्या बायका एकत्र कारखान्यात गेल्या. त्या आठवड्यात छाट एकदम कमी निघाली. सगळ्यांचे हात एकाच आठवड्यात सुधारले नव्हते. माझं राजकारण तिथे सुरू झालं.

मार्क्स नंतर आला. ‘भांडवल’च्या 1867 सालच्या पहिल्या खंडात उक्त्या मजुरीवर वेगळं प्रकरण आहे. ते वाचताना मला आमचीच गल्ली दिसली. नगावर मजुरी ठरली की देखरेखीचा खर्च वाचतो, कारण कामाचा दर्जा आणि वेग मजुरीच सांभाळते. कामगार आपणहून जास्त तास बसतो, कमी दर्जाचं ठरवून मजुरी कापायला वाव मिळतो, आणि सगळ्यांचाच वेग वाढला की दर खाली येतो. घरच्या कामात तर जागा, दिवा, पाणी सगळं बाईचंच. शाळेतून आलेली मुलगी दोरा बांधायला बसते, तिची मजुरी कुठल्याच पासबुकात नाही. आईने आयुष्यभर स्वतःला दोष दिला, त्याचं कारण या पद्धतीतच बसवलेलं होतं. हे कळलं तेव्हा मी रडले होते, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

पण एवढ्यावर माणूस चांगला युनियनवाला होतो. लेनिनपर्यंत का गेले ते सांगते. लेनिनने 1902 मध्ये मांडलं की कामगार फक्त मालकाशी भांडत राहिला तर त्याची समज युनियनपुरतीच राहते. सगळ्या वर्गांचे आणि राज्यसत्तेचे संबंध कळल्याशिवाय तो राजकारण करू शकत नाही. सोलापुरात हे डोळ्यांनी बघितलं. विडीवरच्या उपकरातून 1976 च्या कायद्याने कल्याण निधी उभा राहिला. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांना मदत. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो उपकरच रद्द झाला. कुठल्याही मालकाला आमच्या दारात यावं लागलं नाही. 1966 चा कायदाही संसदेने 2020 मध्ये श्रमसंहितेत विरघळवला. मालकाशी भांडून मिळवलेलं दिल्लीत एका कागदाने जातं, तर मग लढाई दिल्लीपर्यंत न्यायलाच हवी. आणि तिथे एकटी युनियन पुरत नाही, पक्ष लागतो.

सोलापूरजवळच्या कुंभारीचं उदाहरणही याच बाजूचं आहे. कॉ. गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत 2006 मध्ये उभी राहिली, नंतर तीस हजारांचं रे नगर. जानेवारी 2024 मध्ये त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा पंतप्रधान मोदींच्या हस्ते मिळाला. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे, म्हणजे माकपचे, इथले नेते आडम मास्तर आणि त्यांच्या कार्यकर्त्यांवर यावरून टीका झाली. मला ती पटत नाही. घर बाईच्या हक्काचं आहे, चावी कुणाच्या हातून आली याने तो हक्क बदलत नाही. मात्र घरं म्हणजे समाजवाद नव्हे, हेही बैठकीत तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. ते आपण पुरेसं सांगत नाही.

जातीबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत, कारण मागावरच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. जास्त मजुरीचं खातं तेच. युनियनचे पुढारी यावर गप्प राहिले आणि बाबासाहेबांनी त्यांना जाब विचारला. तरीही 7 नोव्हेंबर 1938 ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपावर उतरले. महाडच्या सत्याग्रहाच्या तयारीत पुढे असलेले आर. बी. मोरे नंतर कम्युनिस्ट झाले आणि पक्षात जातीचा प्रश्न मांडत राहिले. माझं ठाम मत आहे: आर्थिक लढा जिंकला की जात आपोआप जाईल, ही समजूत चुकीची होती आणि तिने डाव्यांचं अतोनात नुकसान केलं. गिरणगाव म्हणवणाऱ्या सोलापुरात तर ती बोलूही नये.

आता सोव्हिएत आणि बंगाल. मार्च 1921 मध्ये, यादवी युद्धाच्या थकव्यात, लेनिनच्या बोल्शेविक पक्षाच्या दहाव्या काँग्रेसने (अधिवेशनाने) पक्षातल्या गटांवर बंदी घातली. अडचणीच्या काळातला तो उपाय कायमचा झाला. कामगारांची सोव्हिएतं, म्हणजे त्यांच्या निवडलेल्या परिषदा, वर ठरलेल्यावर शिक्का मारणारी झाली, आणि स्तालिनच्या काळात तर जुन्या बोल्शेविकांनाच गोळ्या घातल्या गेल्या. याचं समर्थन मी करत नाही, करणाऱ्याशी भांडते. निर्णय झाला की सगळ्यांनी पाळायचा, ही शिस्त मला मान्य आहे. पण निर्णयाआधी विडीवाली बाई बैठकीत मोकळेपणी बोलली का, हे आधी बघते. बंगालमध्ये 1978 पासून बटाईदारांची नोंद करून त्यांना कुळाचा आधार दिला, हे आपल्या डाव्या आघाडीच्या सरकारचं मोठं काम. त्याच सरकारच्या पोलिसांनी 14 मार्च 2007 ला नंदीग्राममध्ये शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. 14 जण गेले. सत्ता हातात आली की राज्ययंत्र आपलं होत नाही, हे लेनिनने 1917 मध्येच बजावलं होतं. बंगालमुळे लेनिन खोटा ठरला असं म्हणतात, मला तर तो तिथे जास्तच खरा वाटतो.

विडीबद्दलही प्रामाणिकपणे सांगते. हा धंदा ओढणाऱ्याची फुप्फुसं खातो आणि वळणारीची पाठ, नजर, श्वास. तो संपायला हवा. पण आधी बाईला दुसरं काम द्या, मग संपवा. पाकिटावरच्या इशाऱ्याच्या चित्रांविरुद्ध मालकांच्या हाकेवर बायकांनी रस्त्यावर उतरावं, हे मला कधीच पटलेलं नाही.

घरच्यांना वाटतं तू नक्षलवादी होशील. त्यांना सांग, माकपही मार्क्सवाद-लेनिनवादच मानतो आणि निवडणुका लढवतो. आडम मास्तर याच शहरातून तीनदा आमदार झाले. तरी ऐकलं नाही तर भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकाला घेऊन जा. सोलापुरात 1910 मध्ये जन्मलेला हा डॉक्टर काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून 1938 मध्ये चीनला गेला, आघाडीवर जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिला, आणि 1942 मध्ये तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते गेले, वय 32. सगळं गाव त्यांना मानतं, तुझ्या घरचेही मानत असतील.

आणि सभासद व्हायची घाई करू नकोस. माकपमध्ये आधी वर्षभर उमेदवार सभासद राहावं लागतं, ते बरंच आहे. त्या वर्षात एखाद्या कारखान्याच्या दारात पासबुकं तपासायला बस, यंत्रमाग कामगारांच्या पीएफचे अर्ज भर. उक्त्या मजुरीचं प्रकरण तेव्हाच वाच, एकटी नको, दोघीतिघी बायकांना मोठ्याने वाचून दाखव. कुठल्या वाक्याला कोण काय म्हणालं ते मला कळव.